उसात चाललेला तास

३ नोव्हेंबर, सोमवार

उसाच्या मधोमध राहणाऱ्या, दिवस मावळला की दाराला कडी घालून बसणाऱ्या माझ्या पोरापोरींनो! बिबट्या मोकळा फिरतो आणि तुम्ही जाळीच्या आत. अभ्यासिका गावात, क्लास शिरूरला, आणि संध्याकाळनंतर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. भरती मात्र तुमच्यासाठी थांबत नाही. पेपर काढणाऱ्याला तुमच्या वस्तीभोवती काय फिरतं हे ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी त्याने एक मार्कही वाढवला नसता. ही तक्रार तुमची, तुमच्या आईबापांची आणि आजपासून माझीही.

रोजनिशीची सुरुवात अशी कोणी करत नसेल. पण समोर माणसं आहेत असं धरल्याशिवाय मला वाक्य सुचत नाही. जयंतीच्या स्टेजवर वाढलेली बाई मी. माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जायचा.

दुपारी शिरूरहून एसटीने पारगावला उतरले. तिथून सुमितने मोटारसायकलवर राहूच्या पुढे तात्याबा आप्पांच्या वस्तीवर आणलं. सुमित या भागातला केबल-इंटरनेटवाला. वस्त्यावस्त्यांवर खांबाखांबाने त्याने वायर नेली आहे आणि तिचा मुख्य डबा आप्पांच्या घरात आहे. वस्त्यांनी मिळून ठरवलं, की पोरांनी क्लासला जायचं नाही, क्लासनेच वायरीतून घरी यायचं. आणि डब्याच्या जवळ बसून शिकवलं तर मधे तुटायला वायरच कमी. म्हणून मी इथे. रोज संध्याकाळी सातला तास, इतिहास आणि राज्यघटना.

अंगणाच्या पलीकडे आप्पांचं घर, अलीकडे माझी यंदाच बांधलेली खोली, तिच्या तिन्ही बाजूंना ऊस. पुढे पडवी, आणि पडवीला वरपासून खालपर्यंत लोखंडी जाळी. जाळीचं दार शिक्रापूरच्या वेल्डरने केलं. बिचाऱ्याने जन्मभर शेळ्यांचे गोठे केले, त्यामुळे सवयीने कडीकोयंडा बाहेरून बसवला. आप्पांच्या घरच्या गिताकाकू हसत सांगत होत्या, की आतल्या शेरडाला कडी लावता येत न्हाई, मग त्यो बाहेरूनच लावनार की! आता दिवस मावळताना आप्पा बाहेरून कुलूप लावतात आणि सकाळी धारा काढून झाल्या की उघडतात. मी म्हटलं, घटना शिकवणारी बाई स्वतःला कोंडून घेते हे बरं दिसत नाही. आप्पा म्हणाले, बघायला कोन हाय हितं, ऊसच हाय.

काकूंनी हुलग्याची शेंगोळी केली होती. दोनदा वाढून घेतली.

५ नोव्हेंबर

काल पहिला तास बुडाला. लॅपटॉपला वायर लावली तर कोपऱ्यातल्या चिन्हावर फुली. वायफाय या लोखंडातून आत येत नाही, मोबाईलला रेंज फक्त ओढ्याच्या पुलावर. म्हणजे भिंतीतून आलेली ही एक काळी वायर हाच माझा घसा.

आज सकाळपासून पूल आणि खोली असे माझे खेटे चालू आहेत. सुमित फोनवर सांगणार, मी धावत येऊन करणार, पुन्हा धावत जाऊन सांगणार. त्याने वैद्यासारखी नाडी विचारली. वायर जिथं घुसती तिथला बारीक दिवा लागतो का मॅडम? हिरवा लागला म्हंजी वायर जित्ती. पिवळा फडफडला म्हंजी कुनीतरी बोलतंय. माझा कुठलाच लागत नव्हता. आप्पांच्या घरातला डबा बंद करून पुन्हा चालू केला. वायर डब्याच्या दुसऱ्या भोकात लावली. सेटिंगमध्ये जाऊन नेटचा पत्ता आपोआप घ्यायला लावला. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, लॅपटॉप बंद-चालू केला. काही नाही.

चौथ्या फेरीला सुमितने विचारलं, की वायरच्या टोकाला जीभ हाय ना? पाहिलं तर टोकाचा तो प्लॅस्टिकचा खटका तुटलेला. वायर आत बसल्यासारखी दिसायची आणि बसत नव्हती. सुमित खो खो हसला. म्हणाला, मॅडम, अख्ख्या तालुक्याचं नेट ह्या नखाएवढ्या जिभेवर हाय. नवं टोक तो आणेल तेव्हा आणेल; तोवर काकूंच्या तुटक्या फणीचा दात पाचर म्हणून ठोकला. हिरवा लागला. काकूंनी टाळी वाजवली.

७ नोव्हेंबर

काय तास झाला! सगळ्या वस्त्या जोडल्या गेल्या. वही-पेन काढा म्हणायच्या आधीच तेजश्रीने प्रश्न लिहून पाठवला. ओढ्याकडची सोनम लाजते, पण उत्तर तिचंच पहिलं येतं. तिच्या घराचं दार थेट उसात उघडतं म्हणून तिची आई तासाला शेजारी बसते. मीही मग पेटले. म्हणाले, पिंजरा लोखंडाचा असो की मनाचा, आतून घाव घातल्याशिवाय तुटत नाही. उठा, बाहेर या! दीड तास बोलले. पिवळा दिवा माझ्या प्रत्येक शब्दाबरोबर फडफडत होता.

९ नोव्हेंबर

आज कळलं की मला श्रोते आणखी आहेत. आप्पांच्या डब्यातून एक करडी वायर खिडकीवाटे उसात जाते. विचारलं तर आप्पांनी कौतुकाने नेऊन दाखवलं. उसाच्या पार आत बांबूवर बांधलेले भोंगे, खोलीत ऐकू येणार नाहीत इतके लांब. माझा तास रोज तिथे वाजतो. माणसाचा आवाज चालू असला की जनावर फिरकत नाही, असा हिशेब.

न विचारता केल्याचा राग आला, तो मी बोलून दाखवला. आप्पांनी ऐकून घेतलं. मग सांगितलं, की त्यांचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे, तेव्हा वाघरीभोवती, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणाभोवती, रात्री हाळ्या द्यायचे, पण रोज नवा माणूस. एका आवाजाला लांडगा सरावतो. इथे बिबट्यासाठी रेडिओ लावला, सरावला. टेप लावली, सरावला. तुमचं तसं न्हाई बाई, तुम्ही रोज निराळं बोलता. काकू मागून म्हणाल्या, ह्यांनी तीस वर्सांत तोंड उघडलं न्हाई, ती कसर तुम्ही भरून काढा.

खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं.

१२ नोव्हेंबर

तास सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि फुली आली. पाचर दाबली, वायर काढून घातली, लॅपटॉप बंद-चालू केला. नाही. चरफडत पुस्तक वाचत बसले.

१३ नोव्हेंबर

माफी मागायला सकाळी पुलावर जाऊन तेजश्रीला फोन केला. ती म्हणाली, माफी कशाची मॅडम? कालचा तास तर सगळ्यांत भारी झाला. शेवटी तुम्ही सगळ्यांची नावं घेऊन विचारलंत, घरी कोण कोण असतं, दार कुठल्या बाजूला आहे.

मी असं काही विचारलेलं नाही. मी गप्प होते.

१५ नोव्हेंबर

मी भूतखेत मानत नाही. ज्याला कारण नाही असं काही नसतं. कारण शोधायचा कंटाळा असतो. सुमितला बोलावून घेतलं. त्याने नवं टोक बसवलं, टेस्टर लावला, आठही दिवे ओळीने लागले. वायर ठणठणीत. त्याचा तर्क, की आवाज कुठेतरी साठून मागाहून वाजत असेल. म्हणाला, तुमचं भाषान लांबच इतकं असतंय, वायरीत मावत नसंल.

मग आम्ही प्रयोग ठरवला. सातला तो तेजश्रीच्या घरी बसणार. मी लॅपटॉपमधून वायर उपटून हातात धरायची आणि ओठ मिटून बसायचं.

तसं केलं. वायर हातात होती. लॅपटॉपच्या रिकाम्या भोकातला पिवळा दिवा फडफडत होता.

१६ नोव्हेंबर

सुमित सकाळी आला. गाडी बंद केली नाही. तोंडावर थट्टा नव्हती. काल तासभर मी समता शिकवली म्हणाला. चांगली शिकवली. मधेच मी त्याला नावाने हाक मारली आणि विचारलं, की सुमित, तू येताना उसाच्या वाटेने आलास की डांबरीने? तो तिथे बसलाय हे तासात त्याने कोणाला कळू दिलं नव्हतं. बोलता बोलता निघाला. टेस्टर इथेच राहिला. त्याचा फोन लागत नाही.

१७ नोव्हेंबर

आप्पांना नीट बसवून विचारलं, माझ्या आधी या खोलीत कोण होतं. ईश्वर नावाचा मुलगा होता. दिवसभर याच वायरीवरून फोन करून लोकांना विमा विकायचा, म्हणून आप्पांनी खोली दिली; बोलणारं माणूस पाहिजेच होतं. तो कुठे गेला? गेला. सकाळी कुलूप काढलं, तो चूळ भरत बाहेर पडला, उसाकडे गेला, आला नाही. सामान न्यायलाही नाही. आप्पांना वाटलं, रागावून गावी गेला. पण भोंग्यावर त्याचं बोलणं पुढे महिनाभर चालू होतं. आप्पांना वाटलं रेकॉर्डिंग असंल.

आप्पा म्हणतात जनावर आवाजाला सरावतं. आज पुलावर बसून मला पहिल्यांदा वाटलं, की ते सरावत नसेल. ते शिकत असेल.

१८ नोव्हेंबर

सकाळी तेजश्रीला फोनवर स्पष्ट सांगितलं. तास बंद. वायरीतून माझा आवाज आला तर तो मी नाही. सगळ्यांना कळव. ती घाबरली, हो म्हणाली.

सात वाजता भोंगे सुरू झाले, आज पहिल्यांदा खोलीपर्यंत ऐकू येतील इतके मोठ्याने. खोलीत बसून मी ऐकलं. माझाच आवाज, माझीच खाकरण्याची सवय. तेजश्रीने बहुतेक विचारलं असावं. कारण आवाज हसला, आणि म्हणाला, सकाळचा फोन कसला गं? मी नव्हते ती. माझा आवाज काढून कुणी फोन केला तर उचलू नका. फोनवर विश्वास ठेवू नका. मी फक्त इथे असते.

मलाही ते पटलं असतं. इतकं चांगलं बोलते मी.

१९ नोव्हेंबर

आप्पांना सांगितलं, भोंगे बंद करा, डबा बंद करा, मी उद्या शिरूरला जाते आणि माणसं घेऊन येते. त्यांचा चेहरा पडला, पण हो म्हणाले. सकाळी कुलूप काढतो, मंग करडी वायर तोडतो.

माझ्यापुढे त्यांनी नेहमीसारखं कुलूप लावलं. मी लावू दिलं. बाहेर अंधार पडत होता आणि मला त्या जाळीचा आधार वाटला.

२० नोव्हेंबर

सकाळ. लख्ख ऊन. आप्पा किल्ली घेऊन घरातून निघाले, अंगणाच्या मध्यावर आले. मी बॅग उचलून जाळीशी उभी.

भोंगा वाजला. माझा आवाज. आप्पा, इकडे या हो लवकर, वायर तुटून म्हशीच्या पायात आलीय.

मी ओरडले, आप्पा, मी इथे आहे, जाऊ नका! आप्पा थांबले. माझ्याकडे पाहिलं. भोंग्यातून मी ओरडले, आप्पा, खोलीकडे बघू नका, तिथे जे आहे ते मी नाही! त्यांनी उसाकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे. समोर दिसणाऱ्या बाईपेक्षा भोंगा मोठा होता. मी जाळीला डोकं आपटलं. रक्त आलं. ते पाहून ते एक पाऊल मागे सरले. माझ्यापासून.

मग ते उसात गेले. किल्ली हातातच होती.

दुपार झाली.

काकू ओसरीत उभ्या आहेत. त्यांना मी ओरडून सांगतेय, त्या कानावर हात ठेवून आत जातात.

२१ नोव्हेंबर

सकाळी भोंग्यावर आप्पांचा आवाज आला. आयुष्यभर गप्प राहिलेल्या माणसाचा. गिते, पानी घिऊन ये. पाय मुरगाळलाय.

काकू कळशी घेऊन धावल्या. पदर डोक्यावरून पडला तोही सावरला नाही. मी नको नको म्हणत होते. कळशीतलं पाणी हिंदकळत वाटेभर सांडत गेलं.

ती ओल दुपारपर्यंत वाळली.

२२ नोव्हेंबर

म्हशी हंबरतायत. धार कोणी काढलेली नाही.

अंगणापुढच्या डांबरीवरून शेजारच्या वस्तीवरची कुशाबाई दुधाच्या किटल्या घेऊन गेली. माझा गळा फाटेस्तोवर ओरडले. वाचवा, कोंडलंय, आप्पा गेले! त्याच वेळी भोंग्यावर माझं कलम एकवीस चालू होतं, जगण्याचा हक्क. कुशाबाईने हात वर केला. लांबून ओरडली, मॅडम, लई भारी बोलता! आणि निघून गेली.

इतकी वर्षं मी ओरडतच बोलत आले. आता ओरडणं आणि बोलणं कोणाला निराळं ऐकू येत नाही.

२३ नोव्हेंबर

माठ अर्धा. बिस्किटं आहेत. जाळीचे जोड पाहिले, कोयंडा हाताला लागत नाही. वेल्डरने काम चोख केलंय.

लॅपटॉप चालू केला. कोणाला तरी दोन शब्द लिहून पाठवता आले तर. फुली. वायर काढली, घातली. दुसरी वायर लावून पाहिली. पत्ता आपोआप. पत्ता हाताने. ड्रायव्हर. पुन्हा पहिल्यापासून. टेस्टरचे दिवे आठही लागतात. वायर ठीक आहे. वायर माझं बोलणं नेते, माझं लिहिणं नेत नाही —

लिहिणं नेत नाही.

२४ नोव्हेंबर

वायर विळीने कापली. भोंग्यावरचा आवाज आणखी स्वच्छ झाला. खरखर गेली. ती खरखर मी होते की काय —

पुढे वायर आप्पांच्या घरातल्या डब्यात. डबा इन्व्हर्टरवर. तिथून तुमच्या घरात. मी इथून पोचू शकत नाही.

२५ नोव्हेंबर

सातचा तास. ऐकला. उद्या संविधान दिन. आवाज म्हणाला, उद्या तास घरात नाही. उद्या बाहेर. दिवस मावळताना सगळ्यांनी उसाच्या कडेला यायचं, एकेकट्याने, आईबापांना न सांगता. पिंजरा मनाचा असतो म्हणाला. आतून घाव घाला. उठा, बाहेर या.

वाक्यं माझी आहेत. एक शब्द बदललेला नाही.

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. उसात.

२६ नोव्हेंबर

ही पानं फाडून, चमच्याला बांधून डांबरीकडे फेकतेय. दोन झुडपात पडली. एक पोचलं. हे लिहून झालं की हेही. कुशाबाई आज अजून नाही. कोणी उचललं असेल तर पळत जा आणि पोरांना दाखव — वाचून दाखवू नको, नुसतं दाखव.

ऊन कलतंय.

पोरांनो. माझं अक्षर तुम्ही मी पाठवलेल्या नोट्समध्ये पाहिलंय. तिरकं, घाईचं. ते जनावर आवाज काढतं, अक्षर काढता येत नाही त्याला. आजवर ऐकलंत, आता वाचा.

जाळीपलीकडे ऊस हलतोय. वारा नाही.

काकू हाक मारतायत, शेंगोळी झाली म्हणून. अगदी दाराशी. मी बघत नाहीये. मी लिहितेय —

एकच काम करा. दुसरं काही नको. भिंतीतून येणारी काळी वायर तुमच्या डब्यातून उपटा. बटण नको, उपटा. मी थांब म्हटलं तरी उपटा. मी रडले तरी. तेजश्री, आधी सोनमकडे कोणाला तरी पाठव, तिचं दार उसात उघडतं, तिची वायर आधी उप